सीआयओ साहेब, डिपेन्डन्सीची एक्सेल पाठवणं आता बंद करा

मोठमोठ्या कंपन्यांचे सीआयओ (म्हणजे आयटीचे प्रमुख), एंटरप्राइज आर्किटेक्चरवाली मंडळी आणि सीएमडीबी (कंपनीत कुठल्या सिस्टिम आहेत आणि कुठली कशाला जोडलेली, याची नोंदवही) सांभाळणारी टीम, सगळ्यांना नमस्कार.

मी प्रॉडक्शन सपोर्टवाला. पुण्यात बसून बँका, विमा कंपन्या, रिटेलवाले अशा क्लायंटची ॲप्लिकेशन्स सांभाळण्यात बरीच वर्षं गेली. म्हणजे रात्री दोनला ब्रिज कॉलवर (सिस्टिम पडली की सगळ्या टीम ज्या कॉलवर जमतात तो) जो माणूस "लॉग बघतोय, दोन मिनिटं द्या" म्हणतो ना, तो मी. हे पत्र कुठल्या एका कंपनीला उद्देशून नाहीये, कारण जिथे जिथे काम केलं तिथे हाच प्रकार बघितलाय, फक्त एक्सेलवरचा लोगो बदलतो.

दरवर्षी ऑडिटच्या तोंडावर एक मेल येतो. सोबत डिपेन्डन्सीची, म्हणजे कुठलं ॲप कुठल्या ॲपवर अवलंबून आहे याची, एक्सेल. ॲप्लिकेशनचं नाव, ओनर, अपस्ट्रीम (आपण ज्यावर अवलंबून ते), डाउनस्ट्रीम (जे आपल्यावर अवलंबून ते), क्रिटिकॅलिटी (ॲप किती महत्त्वाचं), आणि खाली लाल अक्षरात "शुक्रवारपर्यंत भरून पाठवणे". ओनर ती मॅनेजरला फॉरवर्ड करतो, मॅनेजर लीडला, लीड टीममधल्या सगळ्यात नवीन पोराला, आणि ते पोरगं बिचारं गेल्या वर्षीची फाइल उघडतं, तारीख बदलतं आणि परत पाठवतं. अपस्ट्रीम-डाउनस्ट्रीम बरेच जण उलटं भरतात ते वेगळंच. मग हे सगळं सीएमडीबीत लोड होतं, वरच्या डॅशबोर्डवर हिरवा रंग येतो आणि वर्षभर सगळे खूश.

आता माझं म्हणणं सरळ सांगतो. तुम्ही प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारताय. "तुमच्या ॲपवर कोण कोण अवलंबून आहे" हे त्या ॲपच्या ओनरला माहीतच नसतं, त्याला माहीत असायचं काही कारणही नाही. ते माहीत असतं वापरणाऱ्याला, आणि त्याहून पक्कं माहीत असतं वापरणाऱ्याच्या मशीनला. आणि आजवर एकही डिपेन्डन्सी आपोआप तयार झालेली नाही, प्रत्येक वेळी कोणीतरी तिकीट टाकून (म्हणजे विनंती नोंदवून) नेटवर्कचं पोर्ट उघडून घेतलंय, सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी ॲपने लॉगिन करायचं खातं) मागितलंय, एपीआय की (दुसऱ्या ॲपशी बोलायची किल्ली) घेतलीय, एसएफटीपीचा (फाइली पाठवायच्या सर्व्हरचा) युजर बनवून घेतलाय. परवानगी देताना तिथल्या तिथे लिहून घेतलं असतं तर वर्षाच्या शेवटी कोणाला विचारायची वेळच आली नसती.

एक उदाहरण देतो, म्हणजे हे हवेत बोलणं वाटणार नाही. एका विमा कंपनीत एक जुना रिपोर्टिंगचा ओरॅकल डेटाबेस बंद करायचा होता. शीटवर डाउनस्ट्रीमच्या रकान्यात "एनए" (लागू नाही). तरी टीम शहाणी होती, नेटवर्कवाल्यांना सांगून महिनाभर ट्रॅफिक बघितलं, तर मॉनिटरिंगचा एजंट आणि बॅकअप सर्व्हर सोडून कोणीही फिरकत नव्हतं. कॅबमध्ये (बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीत) चेंज पास झाला, शनिवारी रात्री डेटाबेस बंद केला, आणि पुढे कित्येक दिवस काहीच झालं नाही, सगळ्यांनी एकमेकांना "गुड जॉब"चे मेल पाठवले. मग तिमाही संपली. एजंट लोकांच्या कमिशनची स्टेटमेंटं निघायला हवी होती ती कोरी निघाली.

ऑटोसिसमध्ये (ठरलेल्या वेळी जॉब चालवणाऱ्या शेड्यूलरमध्ये) जॉब मात्र हिरवा. सक्सेस, एक्झिट कोड शून्य. का, तर स्क्रिप्ट फक्त एवढंच तपासत होती की फाइल तयार झालीय का, आणि फाइल तयार झालीच होती, पहिल्या ओळीत कॉलमची नावं आणि खाली एकही रेकॉर्ड नाही. आता उलटं शोधत जा. ती फाइल बनवणारं प्रोसिजर (डेटाबेसमधला प्रोग्रॅम) भलत्याच डेटाबेसमध्ये, ते वाचत होतं एका व्ह्यूमधून (साठवून ठेवलेल्या क्वेरीतून), व्ह्यू होता एका सिनॉनिमवर (टोपणनावावर), आणि सिनॉनिम एका डीबी लिंकवर (एका डेटाबेसमधून दुसऱ्यात जायच्या दुव्यावर), जी थेट त्या बंद केलेल्या डेटाबेसला जोडलेली. लिंक तुटली तर एरर यायला हवा होता ना? तर प्रोसिजरच्या शेवटी कोण्या महाभागाने लिहून ठेवलेलं "व्हेन अदर्स देन नल", म्हणजे काहीही फुटलं तरी गप्प बसा. ज्याने कोणी पीएलएसक्यूएल (ओरॅकलची प्रोग्रॅमिंगची भाषा) केलंय त्याला ही ओळ वाचून आत्ता कपाळावर हात मारावासा वाटला असेल.

यात बघा, बंद होणाऱ्या डेटाबेसच्या बाजूने काहीही दिसत नव्हतं, त्याच्यासाठी ते तीन महिन्यांतून एकदा येऊन जाणारं एक सेशन होतं. पण वापरणाऱ्या डेटाबेसच्या डेटा डिक्शनरीत (डेटाबेस स्वतःबद्दल ठेवतो त्या नोंदीत) ती लिंक नाव-गाव-पत्त्यासकट पडून होती, डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) डीबी लिंकांची एक साधी क्वेरी मारली असती तरी लगेच सापडली असती. ती कोणी मारली नाही कारण त्या टीमला विचारलंच नव्हतं, विचारलं होतं ते बंद होणाऱ्या टीमला.

या बंद करून बघायच्या पद्धतीला आमच्यात स्क्रीम टेस्ट म्हणतात, बंद करा आणि कोण बोंबलतंय बघा. सोसायटीच्या गच्चीवर सात-आठ वॉल्व्ह असतात, कुठला कोणाचा हे फक्त जुन्या प्लंबरला माहीत असतं आणि तो गावी गेलेला असतो, मग सेक्रेटरी एक वॉल्व्ह बंद करून खाली कोण ओरडतंय ते बघतात, तसंच अगदी. फरक एवढाच की फ्लॅटमधली माणसं रोज पाणी वापरतात त्यामुळे पाच मिनिटांत ओरडतात, आमच्याकडचे जॉब तिमाहीला, ३१ मार्चला, नाहीतर दिवाळीच्या बोनसला ओरडतात.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील की एक्सेलचा जमाना गेला, आम्ही टूल घेतलंय. घ्या की, मी टूलच्या विरोधात अजिबात नाही. सर्व्हिसनाऊची डिस्कव्हरी आणि सर्व्हिस मॅपिंग, बीएमसी डिस्कव्हरी, डायनाट्रेस, ही चांगली टूलं आहेत. पण ती काय बघतात आणि काय बघू शकत नाहीत हे विकणारा सांगत नाही. ट्रॅफिक बघणारं टूल सांगतं की या आयपीवरून त्या आयपीच्या १५२१ पोर्टला (ओरॅकलच्या नेहमीच्या दाराला) कोणीतरी आलं. मध्ये लोड बॅलन्सर (ट्रॅफिक वेगवेगळ्या सर्व्हरवर वाटणारा) असेल आणि तो सोर्सचा पत्ता बदलत असेल तर सगळ्या जगाचं ट्रॅफिक एकाच आयपीवरून आल्यासारखं दिसतं. मध्ये एमक्यू (ॲप्समधल्या मेसेजची रांग) असेल तर सगळे फक्त क्यू मॅनेजरशी बोलताना दिसतात, मेसेज टाकला कोणी आणि उचलला कोणी ते कळतच नाही. एसएफटीपी सर्व्हरचं तर काय सांगू, नकाशात तो कोळ्याच्या जाळ्यासारखा मधोमध बसलेला असतो, अख्खी कंपनी त्याच्याशी जोडलेली, आणि त्यातून कामाची माहिती शून्य, कारण खरी डिपेन्डन्सी ही की कोणाची फाइल कोण उचलतंय.

ट्रेसिंगचंही, म्हणजे एका रिक्वेस्टचा माग काढत जाण्याचंही, तेच. गुगलने २०१० साली डॅपरचा पेपर काढला, पुढे ट्विटरचं झिपकिन आलं, उबरचं येगर आलं, २०१९ ला ओपनटेलिमेट्री उभं राहिलं, आणि मायक्रोसर्व्हिसेस (ॲपचे छोटे छोटे वेगळे तुकडे) असतील तर एक रिक्वेस्ट कुठून कुठे गेली हे खरंच सुंदर दिसतं. पण ती ट्रेस आयडी मेनफ्रेमच्या (जुन्या, मोठ्या मध्यवर्ती मशीनच्या) दारात गेली की बहुतेक वेळा तिथेच संपते, आणि रात्रीच्या बॅचला (एकगठ्ठा चालणाऱ्या जॉबना) तर ती मुळात नसतेच. तुमचा पैसा हलतो तो रात्रीच्या बॅचमध्ये, हे विसरू नका.

आणि सर्व्हिस अकाउंट. एकच "ॲप युजर" डझनभर ॲप्सनी वाटून घेतलाय, पासवर्ड कोणाच्या तरी नोटपॅडमध्ये, आता डेटाबेसच्या ऑडिट लॉगमध्ये कितीही डोकं घाला, लॉगिन कोणी केलं हे कळणार नाही. नकाशासाठी पुढच्या वर्षी फक्त एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतःचं वेगळं अकाउंट. त्यानंतर डेटाबेस स्वतःच तुम्हाला यादी काढून देईल, कुठलंही लायसन्स न घेता.

बरं, हा फक्त आमच्यासारख्या जुनाट सिस्टिमवाल्यांचा प्रॉब्लेम आहे असंही नाही. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस थ्रीमध्ये (क्लाउडवर फाइली साठवायच्या सेवेत) एका इंजिनिअरने ठरलेल्या प्लेबुकप्रमाणे थोडे सर्व्हर काढायची कमांड दिली, टाइप करताना चूक झाली, गरजेपेक्षा जास्त सर्व्हर गेले आणि साधारण चार तास अर्धं इंटरनेट लंगडत होतं. त्यातली गंमत ही की त्यांचा हेल्थ डॅशबोर्ड, जो लोकांना सांगणार की काय बंद आहे, त्याचा ॲडमिन कन्सोल एस थ्रीवरच अवलंबून होता, त्यामुळे सुरुवातीला तिथे सगळं व्यवस्थित दिसत होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सहाएक तास गायब झालं ते आठवतंय? एका मेन्टेनन्स कमांडने त्यांचं बॅकबोन नेटवर्क खाली गेलं, डीएनएस सर्व्हरना (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्यांना) डेटा सेंटर दिसेना म्हणून त्यांनी स्वतःचे रूटच (आपल्यापर्यंत यायचा रस्ता इंटरनेटला सांगणाऱ्या नोंदीच) मागे घेतले, आणि डीएनएस गेल्यावर दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत टूलंही गेली, शेवटी माणसांना डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. या कंपन्यांकडे जगातले हुशार इंजिनिअर आहेत हो. त्यांच्याकडेसुद्धा वाचवणाऱ्याचा दोर बुडणाऱ्याच्याच गळ्यात बांधलेला निघाला.

म्हणून माझी विनंती, नकाशात फक्त ग्राहकाला दिसणारी ॲप्स काढू नका. तुमचा ब्रिज कॉल कशावर चालतो, पासवर्ड व्हॉल्ट कुठे आहे, सिंगल साइन-ऑन (सगळीकडे चालणारं एकच लॉगिन) गेलं तर व्हीपीएन लागतो का, आणि रनबुक (सिस्टिम कशी उठवायची त्याच्या सूचना) ज्या विकीवर आहे ती विकी त्याच साइन-ऑनच्या मागे तर नाही ना, हे आधी बघा. आमच्याकडे एका ठिकाणी होती. पी वन (सगळ्यात गंभीर बिघाड) चालू, आणि सिस्टिम परत कशी उठवायची ते लिहिलेलं पान उघडायला तीच सिस्टिम हवी. एका भल्या माणसाने सवयीने पीडीएफ काढून लॅपटॉपवर ठेवली होती म्हणून निभावलं.

डिसेंबर २०२१ चं लॉगफोरजे प्रकरण (जावा प्रोग्रॅममधल्या लॉग लिहायच्या लायब्ररीत सुरक्षेचं भगदाड सापडलं ते) तर सगळ्यांनीच भोगलं. गंभीरतेचा स्कोअर दहापैकी दहा, आणि पहिल्याच वीकेंडला वरून मेल, "तुमच्या ॲपमध्ये लॉगफोरजे आहे का, हो की नाही ते कळवा". लोकांनी मनापासून "नाही" लिहून पाठवलं, कारण त्यांनी स्वतः ते टाकलंच नव्हतं, ते आलं होतं कुठल्या तरी लायब्ररीच्या आत दुसऱ्या लायब्ररीत, किंवा व्हेंडरच्या प्रॉडक्टच्या जारमध्ये (जावाच्या गठ्ठा-फाइलीत) जार, त्यात अजून एक जार असं. ज्यांनी माणसांना विचारायचं सोडून सर्व्हरवर थेट फाइली स्कॅन केल्या त्यांना उत्तर मिळालं. आता सर्ट-इनने (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने) ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबॉमची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत काय काय भरलंय त्याची यादी ठेवा. चांगलंच आहे. पण तीसुद्धा कोणी एक्सेलमध्ये भरून मागवली तर देवच राखो.

रेग्युलेटरचा विषय निघालाच आहे तर, कारण वरच्या लोकांना तेवढंच ऐकू येतं असा माझा अनुभव आहे. २४ एप्रिल २०२४ ला रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवीन ग्राहक घ्यायला आणि नवीन क्रेडिट कार्ड द्यायला मनाई केली, पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ती उठली. त्या प्रेस रिलीजमध्ये त्रुटींची जी यादी होती त्यात सगळ्यात पहिलं नाव कशाचं होतं? आयटी इन्व्हेंटरी मॅनेजमेंट. पॅच आणि चेंज मॅनेजमेंट, ॲक्सेस, व्हेंडर रिस्क हे सगळं त्याच्या नंतर. म्हणजे आपल्याकडे काय काय आहे हेच नीट मांडलेलं नाही, ही पहिली तक्रार.

ब्रिटनमध्ये टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहकांचा डेटा नवीन प्लॅटफॉर्मवर हलवला आणि लोकांना आठवडेच्या आठवडे त्रास झाला, त्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पाउंडांच्या वर दंड बसला. पण तुमच्यासाठी पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: २०२३ मध्ये त्या बँकेच्या तेव्हाच्या सीआयओला वैयक्तिक दंड झाला, ८१,६२० पाउंड, कारण काम ज्या सप्लायरकडे दिलं होतं त्याच्यावर नीट देखरेख ठेवली नाही. स्वतःच्या खिशातून, साहेब. युरोपात १७ जानेवारी २०२५ पासून डोरा (वित्तीय कंपन्यांच्या डिजिटल मजबुतीचा कायदा) लागू झालाय, त्यात तर वित्तीय कंपन्यांना कुठलं काम कुठल्या सिस्टिमवर आणि कुठल्या बाहेरच्या पुरवठादारावर अवलंबून आहे हे लिहून ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. हिंजवडी-खराडीत बसून युरोपच्या बँकांचं काम करणाऱ्यांना हे आता रोजचं झालंय.

आणि बाहेरचे पुरवठादार म्हणजे किती खोल, याचं आपल्याच घरचं उदाहरण सी-एजचं, छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीचं. जुलै २०२४ च्या शेवटी रॅन्समवेअर हल्ला झाला म्हणून एनपीसीआयने (यूपीआयसारखी पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेने) सी-एज टेक्नॉलॉजीजला पेमेंट नेटवर्कपासून तात्पुरतं तोडलं आणि त्यासरशी देशभरातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले, बऱ्याचशा सहकारी आणि ग्रामीण. आपल्या बँकेच्या मागे हे नाव आहे हे त्यातल्या किती खातेदारांना माहीत असेल? खातेदाराचं सोडा, अशा बँकांच्या आयटी हेडच्या नकाशावर तरी तो चौकोन होता का, हा प्रश्न मला पडतो.

आता लोक "एनए" का लिहितात त्यावर बोलू, कारण हे मला कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये दिसत नाही. आळस हे कारण आहेच, पण खरं कारण म्हणजे तुमच्या कंपनीत खरं लिहिणाऱ्याला शिक्षा होते. समजा मी लिहिलं की माझं ॲप पेमेंटच्या ॲपला लागतं. लगेच माझ्या ॲपची क्रिटिकॅलिटी वर जाते, डीआर ड्रिल (आपत्तीनंतर सिस्टिम परत उभी करायची तालीम) मागे लागतं, पेमेंटवाल्यांच्या प्रत्येक चेंजला मला टेस्टिंग करून साइन-ऑफ द्यावा लागतो, शनिवार-रविवार गेले, आणि या सगळ्याचं बजेट? तेवढंच. शेजारच्या टीमने "एनए" लिहिलं, ते शनिवारी लोणावळ्याला. सांगा, पुढच्या वर्षी मी काय लिहीन? जोपर्यंत डिपेन्डन्सी मान्य केल्यावर माणसं आणि पैसे मिळत नाहीत तोपर्यंत तुम्हाला खोटाच नकाशा मिळणार, टूल कितीही कोटीचं घ्या.

दुसरं कारण म्हणजे माहिती असणारा माणूसच टिकत नाही. कॉन्ट्रॅक्ट एका व्हेंडरकडून दुसऱ्याकडे जातं, दोन-तीन आठवड्यांची केटी (जुन्या टीमने नव्या टीमला माहिती सोपवणं) होते, त्यातला निम्मा वेळ ॲक्सेस मिळवण्यात जातो, आणि ज्याला माहीत होतं की तो जॉब मंगळवारी उशिरा का चालतो तो आधीच दुसऱ्या प्रोजेक्टला रिलीज झालेला असतो. सगळ्या ॲप्सची यादी खरोखर जीव लावून बनवली गेली ती वायटूकेच्या (सन २००० च्या तारखांच्या घोळाच्या) वेळेला, कारण तेव्हा इन्व्हेंटरी हीच पहिली पायरी होती आणि तारीख पुढे ढकलता येत नव्हती. काही कंपन्यांत अजून त्यातलीच नावं फिरताना दिसतात, मॉड्यूल कधीच मेलंय पण नाव आहे.

मग करायचं काय. फायरवॉलचं, सर्व्हिस अकाउंटचं, एपीआय कीचं, एसएफटीपी युजरचं, डीबी लिंकचं, ज्याचं त्याचं तिकीट आजही तुमच्या सिस्टिममध्ये पडतंच. त्या फॉर्ममध्ये मागणाऱ्याला चार गोष्टी सक्तीने विचारा: कुठलं ॲप मागतंय, कशासाठी, किती वेळाने वापरणार (आणि इथे "तिमाही" आणि "वार्षिक" हे पर्याय ठेवाच), आणि समोरचं बंद पडलं तर तुमचं काम थांबतं की लंगडत चालतं. हा शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे, कारण नुसती रेघ असणं आणि त्या रेघेवर जीव असणं यात फार फरक आहे आणि एक्सेलमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. परवानगीला एक वर्षाची मुदत घाला, मुदत संपली की मागणाऱ्यानेच रिन्यू करायची. म्हणजे यादी आपोआप ताजी राहते आणि ओझं वापरणाऱ्यावर पडतं, जिथे ते असायला हवं.

हे झालं नव्यासाठी. जे आधीच गुंतलेलं आहे त्यासाठी माणसांना मेल करू नका, मशीनला विचारा. शेड्यूलरमधल्या जॉबच्या डेफिनिशन, कॉन्फिग फाइलीतल्या कनेक्शन स्ट्रिंग, डेटाबेसची डिक्शनरी, एमक्यूच्या चॅनलची यादी, फायरवॉलच्या नियमांचे हिट काउंट (कुठला नियम किती वेळा वापरला गेला), आणि हो, होस्ट फाइल (मशीनमध्ये हाताने लिहिलेल्या पत्त्यांची यादी), तिच्यात लोकांनी काय काय आयपी लिहून ठेवलेत ते बघून झोप उडेल. मशीनने काढलेली यादी मग टीमला दाखवा आणि म्हणा यातलं चुकीचं काय ते सांगा. कोरा कागद भरायला माणूस कंटाळतो, पण दुसऱ्याची चूक काढायला कोणी कंटाळत नाही, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. आणि प्रत्येक पी वनच्या आरसीएमध्ये (मूळ कारणाच्या अहवालात) एक रकाना ठेवा, की या घटनेत सापडलेली कुठली जोडणी नकाशावर नव्हती. ब्रिज कॉलवर रात्री जे सापडतं तेवढी खरी माहिती कुठल्याच वर्कशॉपमध्ये मिळत नाही आणि सकाळी ती चॅट विंडोसकट वाहून जाते.

कृपा करून अख्ख्या कंपनीचा नकाशा एकदम काढायचा प्रोग्रॅम लॉन्च करू नका, त्याचं काय होतं आपण सगळ्यांनी बघितलंय, पहिल्या वर्षी कन्सल्टंट, दुसऱ्या वर्षी डॅशबोर्ड, तिसऱ्या वर्षी नवीन सीआयओ. एक सर्व्हिस घ्या आणि ती टोकापासून टोकापर्यंत, बॅचसकट, बाहेरच्या व्हेंडरसकट, पूर्ण काढा. पहिली कुठली घ्यायची विचाराल तर माझ्या मते पगाराची घ्या. एचआरचं ॲप, हजेरी, बँकेची फाइल, टॅक्सचं कॅल्क्युलेशन सगळं त्यात येतं, महिन्यातून एकदा नक्की चालते, आणि तिच्यात काही तुटलं तर कळवायला कोणी तिकीट टाकायची वाट बघत नाही.

कळावे,
आपला,
एक प्रॉडक्शन सपोर्टवाला, पुणे